अकराशे अडुसष्ट दिवसांची फेरी

४ फेब्रुवारी

वहिनी,

पाकीट फाडून टाकण्याआधी एवढी एक ओळ वाच. म्हातारा वळला.

तुझाच म्हातारा. नोव्हेंबरपर्यंत आपल्यापासून दूर चालला होता, डिसेंबरात रेंगाळला, आणि काल सकाळी जे आकडे हातात आले त्यांत तो आपल्याकडे यायला लागलाय. नऊ वर्षांत तिसऱ्यांदा. घाईघाईत लिहितेय, अक्षर त्यामुळे असं आहे. एरवी बरं आहे माझं अक्षर, तुला माहीत आहे.

ई-मेल तू न उघडता पुसतेस आणि माझा नंबर दिसला की फोन उपडा ठेवतेस, हे दादाने सांगितलं. पण कागद तू वाचल्याशिवाय टाकत नाहीस, हे दादाने सांगायची गरज नाही. साबणाच्या वेष्टनावरची बारीक अक्षरंसुद्धा वाचणारी बाई तू. सहा वर्षं एका घरात राहिलोय आपण.

आणि दादा, तू हे चहाबरोबर मोठ्याने वाचणार, म्हणून तुझ्यासाठी थोडं सोपं करून लिहिते. म्हातारा म्हणजे एक तारा. सूर्याच्या दुप्पट वजनाचा, आणि वय झाल्यावर फुगत फुगत बारा पट रुंद झालेला. आज त्याचा जो उजेड इथे पोचतो तो तिथून निघाला त्याला चारशे वर्षं झाली. तेरा वर्षांपूर्वी तुझ्या बायकोला संशय आला की हा एकटा नाही. काहीतरी जड, न दिसणारं त्याच्याभोवती फिरतंय, आणि फिरता फिरता त्यालाही जरासं ओढतंय. म्हणून तो काही महिने आपल्याकडे सरकतो आणि काही महिने दूर जातो. जास्तीत जास्त ताशी सव्वादोनशे किलोमीटरने. आपल्याला ही भरधाव गाडी वाटेल, ताऱ्याच्या हिशेबी ते कूस बदलणंसुद्धा नाही. आमचं यंत्र त्याचा उजेड फोडतं, त्यात काळ्या रेषा दिसतात, त्या किती सरकल्या ते मोजायचं. मी त्या यंत्राची देखभाल करते. एवढंच माझं काम, मी काही शास्त्रज्ञ नाही.

आता काल काय झालं ते ऐका.

सकाळी दहाच्या सुमाराला दशांश माझ्या खोलीत आला. हा तू गेल्यावर रुजू झालेला गणितवाला. किती वाजले विचारलं तर दहा पॉइंट दोन सांगतो, म्हणून सगळे त्याला दशांश म्हणतात. माझ्याच वयाचा आहे, पण चिडला की शाळेतल्या मुलासारखे कान लाल होतात. काल लाल होते.

"तुमचा टेस्टचा तारा खराब आहे," तो म्हणाला.

यंत्र नीट चालतंय का हे बघायला दर महिन्याला एका ठरावीक ताऱ्याचं माप घ्यायचं असतं. तारा कुठला, हे मीच ठरवते.

"खराब म्हणजे?"

"स्थिर नाही. टेस्टला स्थिर तारा घेतात. तुम्ही नऊ वर्षं हाच घेताय. कुणी निवडला?"

"मी."

"का?"

"उजेड चांगला देतो," मी म्हणाले.

मग मीच विचारलं, "किती हलतो?"

"सेकंदाला साठ मीटर इकडे, साठ तिकडे."

"आणि फिरून जागेवर यायला किती दिवस?"

त्याने हातातला कागद पाहिला. "अकराशे अडुसष्ट."

वहिनी, तो आकडा मी त्याच्याकडून परत वदवून घेतला. तुझ्या शेवटच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'साधारण ११६०'. तो कागद माझ्या कपाटात आहे. तू कचऱ्याच्या डब्यात टाकला होतास, मी काढून घेतला. तू जेमतेम सव्वा फेरीवरून आठ दिवसांच्या अंतरावर पोचली होतीस.

पावसाळ्याचे ढगाळ महिने सोडून ब्याऐंशी वेळा मी त्याचं माप घेतलं. कुणाला सांगितलं नाही. आकडे फाइलमध्ये जात होते, मी त्यांचा आलेख कधी काढला नाही. का काढला नाही, ते विचारू नकोस.

मला माहीत आहे तू माझ्याशी का बोलत नाहीस. तू राजीनामा दिलास त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी म्हणाले होते, "नव्हताच तो ग्रह, वहिनी. किती दिवस धरून बसणार?" तू ताट तसंच ठेवून उठलीस. ते वाक्य मी परत घेते. नऊ वर्षं उशिरा घेते, पण घेते.

तो आहे.

तुझी नणंद

९ फेब्रुवारी

वहिनी,

दादाचा फोन आला होता. म्हणाला, पत्र वाचत असताना तू उठून गेली नाहीस. खिडकीपाशी बसून उद्याच्या कामाची पितळी वजनं पुसत होतीस, आणि एकच वजन दहा मिनिटं पुसलंस. दुकानदारांचे तराजू तपासायचं काम तुला शोभतं असं दादा म्हणतो. सगळा बाजार तुला घाबरतो म्हणे. बाजारच कशाला.

एक वजन दहा मिनिटं. मी यावर दोन दिवस जगतेय.

इथे काय चाललंय ते सांगते. शुक्रवारी आम्ही दोघं संचालकबाईंकडे गेलो. या नव्या आहेत, तुझ्या वेळचे संचालक केव्हाच निवृत्त झाले. दशांशने आलेख टेबलावर पसरला. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला, मग उठून दार लावलं.

"हे अजून कुणाला माहीत आहे?"

"माझ्या वहिनीला," मी म्हणाले.

दशांश हसला. बाई नाही हसल्या. "कोण वहिनी?" मी नाव सांगितल्यावर म्हणाल्या, "ती? तिचे जुने आकडे आहेत का आपल्याकडे?" म्हणजे तुझं नाव इथे कुणी विसरलेलं नाही.

मग दोन तास नुसता प्रश्नांचा मारा. तेव्हाच्या समितीने तुला जे ऐकवलं तेच सगळं. म्हातारे तारे श्वास घेतल्यासारखे फुगतात आणि बसतात. त्यांच्या अंगावर डाग असतात, तारा फिरला की डाग समोर येतात आणि तारा सरकल्याचा भास होतो. पण आता दशांशकडे उत्तरं होती. डागांना शिस्त नसते, वहिनी. एका फेरीला ताल धरतील, पुढच्या फेरीला चुकतील. म्हाताऱ्याने पावणेतीन फेऱ्यांत एकदाही ताल सोडलेला नाही. त्याच्या उजेडातही काडीचा फरक पडलेला नाही. हे सांगताना दशांश एकदाही दशांश चिन्हापुढे गेला नाही, इतका तो हरखला होता.

आणि आता ग्रह. तुला हे सगळं पाठ आहे, पण मला लिहू दे, लिहिताना मजा येते. निदान गुरूच्या पाच पट वजनाचा. पृथ्वीच्या हिशेबात सोळाशे पृथ्व्या. सगळा वायूच, पाय टेकायला जमीन म्हणून नाही. पृथ्वी सूर्यापासून जितकी लांब आहे त्याच्या पावणेतीन पट अंतरावरून तो म्हाताऱ्याला फेरी घालतो. त्याच्या आकाशात म्हातारा किती मोठा दिसत असेल याचा मी हिशेब केला. आपला सूर्य दिसतो त्याच्या चौपटीहून जास्त रुंद. नारिंगी. मी हिशेब तीनदा केला आणि मग नुसती बसून राहिले. दुपारच्या चहाला कुणीतरी विचारलं, लॉटरी लागली का?

एकच अडचण आहे. तुझे जुने आकडे नव्यांना जुळत नाहीत. तुझे शेवटचे चौदा महिने नव्या आकड्यांना शिवल्यासारखे जोडले जातात. त्याआधीची तीन वर्षं मात्र सगळीच्या सगळी सेकंदाला चाळीस मीटरने वर बसतात. तेव्हाही याच उडीवरून समितीने तुला मोडीत काढलं होतं. उडी का आहे ते कळत नाही.

तुझे आकडे धरले तर चार फेऱ्या पुऱ्या होतात आणि मग कुणी बोट ठेवू शकत नाही. सोडले तर तीनसुद्धा होत नाहीत. बाई म्हणाल्या, "जुळत नसतील तर जुने बाजूला ठेवू. पावणेतीन फेऱ्यांवर निबंध पाठवू. लोक शंका काढतील, पण दुसऱ्या एका वेधशाळेनेही हा तारा यादीत घेतल्याचं ऐकते, थांबून चालणार नाही." मग माझ्याकडे वळल्या. "मापं तुमची आहेत. पहिलं नाव तुमचं."

माझं, वहिनी. जी मुलगी यंत्रं दुरुस्त करायचं शिकून तुझ्या ओळखीवर इथे चिकटली, तिचं. मी मान डोलावली. बाहेर आल्यावर दशांशने हस्तांदोलन केलं.

तुला हे आधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं.

तुझी नणंद

१५ फेब्रुवारी

दादा, हे पत्र मोठ्याने वाचू नकोस. तिच्या हातात दे आणि दुकानात जा.

वहिनी,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. 'उडी का आहे ते कळत नाही.' मला ते साडेनऊ-दहा वर्षांपासून कळतंय.

मी नोकरीला लागून सातवा महिना होता. अजून पक्की झाले नव्हते. चहाच्या खोलीत मला 'वहिनीची नणंद' म्हणायचे आणि त्यात काय काय असायचं ते मला ऐकू यायचं. त्या दिवशी यंत्राच्या खोलीत मी एकटी होते. मोजपट्टीचा दिवा, म्हणजे ज्याच्या रेषांशी ताऱ्याच्या रेषा ताडून बघतात तो, मी काढून पुसायला घेतला. मला तो काढायला कुणी सांगितलं नव्हतं. टोकं काळी पडलीत असं वाटलं, आणि मला दाखवायचं होतं की मी न सांगता काम करते. फडक्यातून तो सटकला, टेबलाच्या कडेवर आपटला आणि फुटला.

अंगठ्याएवढी काचेची नळी. कपाटात तसाच दुसरा होता. मी तो बसवला, उजेड आणणारी तार परत खोचली, चाचणी घेतली. दिवा लागला. काचा गोळा केल्या. नोंदवहीत लिहायला पेन हातात घेतलं, आणि लिहिलं, 'नेहमीची सफाई. बदल नाही.'

दोन दिवे एकसारखे नसतात आणि तार केसभर जरी वेगळी बसली तरी मोजपट्टीच सरकते, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी कळलं. तोवर तुझ्या आकड्यांत उडी आली होती. बाकी कुणाला ती जाणवली नाही, कारण त्या दिवसांत यंत्राकडून इतकं बारीक माप मागणारी तू एकटीच होतीस.

आणि मग ती बैठक. समितीतल्या त्या टक्कलवाल्या गृहस्थांनी मला आत बोलावलं आणि विचारलं, "या तारखेच्या आसपास यंत्रात काही बदललं होतं?"

मी म्हणाले, "नाही."

त्यांनी परत विचारलं, "खात्री आहे?" तेव्हा तूच मध्ये बोललीस. "तिने नाही म्हटलं म्हणजे नाही."

यंत्रात दोष नाही म्हटल्यावर दोष ताऱ्यात किंवा तुझ्यात. दोन वर्षं तुला दुर्बीण मिळणार नाही असं ठरलं. महिन्याभराने मी नोकरीत पक्की झाले. त्याच महिन्यात मी जेवणाच्या टेबलावर ते वाक्य बोलले. ग्रह नव्हताच असं मला मनापासून वाटलं पाहिजे होतं, वहिनी. तो नसता तर मी तुझं काहीच नेलेलं नसतं.

टेस्टचा तारा म्हणून मी त्यालाच का घेतला आणि आलेख का काढला नाही, ते आता तुला समजलं असेल. त्याच्यावर नजर ठेवल्याशिवाय राहवत नव्हतं, आणि बघायचं धाडस नव्हतं.

काल सकाळी मी संचालकबाईंकडे गेले. दशांशही होता, निबंधाचा मसुदा घेऊन. माझं नाव वर छापलेलं होतं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तारीख सांगितली. फुटलेल्या दिव्याचं बूड पुढे ठेवलं. त्यावर क्रमांक कोरलेला असतो, ते मी टाकून देऊ शकले नव्हते.

बाईंनी मसुदा बाजूला सारला. मग म्हणाल्या, "तुम्ही हे आज का सांगताय? गप्प राहिला असतात तर पहिलं नाव तुमचं होतं."

मी म्हणाले, "जुने आकडे खरे आहेत. ते बाजूला ठेवता येणार नाहीत."

दशांश पुढे आला. बूड उचललं, क्रमांक वाचला आणि जिना उतरून गेला. मला वाटलं आता हा माझ्याशी कधी बोलणार नाही.

तुला आधी सांगायला हवं होतं. पण पत्राला तीन दिवस लागतात, आणि तीन दिवस मिळाले असते तर मी पुन्हा डळमळले असते. मी मला ओळखते.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तेवढंही तुझ्यावर लादायचा मला हक्क नाही.

तुझी नणंद

२४ फेब्रुवारी

वहिनी,

दादा म्हणाला, तू पत्र वाचलंस, घडी घातलीस आणि कामाला गेलीस. संध्याकाळी काही बोलली नाहीस. ठीक आहे. तरी हे पत्र पाठवतेय, कारण यातला कागद माझा नाही, तुझा आहे. आधी तो उघडून बघ. मग हे वाच किंवा वाचू नकोस.

बघितलास?

चार फेऱ्या. एक, दोन, तीन, चार, आणि पाचवीची सुरुवात. सुरुवातीचे निळे ठिपके तुझे आहेत. एकही वर नाही, एकही खाली नाही. मी फूटपट्टी लावून पाहिलं.

झालं असं. मी सांगितलं त्या दिवशी दशांश जिना उतरून गेला तो थेट जुन्या फाइली उघडायला. रोज सकाळी दिव्याचंसुद्धा चित्र घेतात ना, ती सगळी साठवलेली आहेत. माणसामाणसाचं हस्ताक्षर वेगळं, तसं दिव्यादिव्याचं. कुठली रेषा ठळक, कुठली फिकी. मी सांगितलेल्या तारखेच्या आदल्या दिवशी एक हस्ताक्षर, दुसऱ्या दिवशी दुसरं. माझ्या शब्दावर कुणाला विश्वास ठेवायची वेळच आली नाही, आणि ते बरंच झालं. मग त्याने दोन्ही दिव्यांची चित्रं एकमेकांवर ठेवून फरक मोजला. ताऱ्याकडे ढुंकूनही न बघता, नुसत्या दिव्यांवरून. सेकंदाला एक्केचाळीस मीटर. तो फरक तुझ्या पहिल्या तीन वर्षांतून वजा केला.

मी तेव्हा खालच्या मजल्यावर सामान मोजत होते. तो धापा टाकत आला. पाच दिवसांत आमचं बोलणं नव्हतं. म्हणाला, "वर चला."

"काय झालं?"

"वर चला म्हणतोय ना."

पडद्यावर हाच आलेख होता. दशांश म्हणाला, "तुमच्या वहिनी बरोबर होत्या." मग जरा थांबून, "शंभर टक्के." दशांश चिन्ह नाही, काही नाही. संचालकबाई आल्या, त्यांच्यामागून हिशेबनीस, दारावरचा रखवालदार, सगळे. रखवालदाराने विचारलं, "हे चार डोंगर कसले?" दशांशने त्याला खुर्चीवर बसवलं आणि पाऊण तास समजावलं. त्या वायूच्या गोळ्यावर आपण गेलो तर काय होईल, असं त्याने विचारलं. दशांश म्हणाला, "बुडाल. बुडतच राहाल." रखवालदार म्हणाला, "मग लांबून बघितलेलाच बरा." इतकं हसलो. मला हसायचा हक्क आहे का असं मधेच वाटलं, तरी हसले.

आता माझं. माझ्याकडून यंत्राच्या खोलीच्या किल्ल्या काढून घेतल्यात. चौकशी चालू आहे. तोवर मी कोठारात. स्क्रू, वायसर, केबल, सगळं मोजून खणांत लावते. नोकरी राहील असं बाई म्हणतात, पण नक्की नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत म्हणून ग्रह मिळाला, आणि सांगितलं नाहीत म्हणून नऊ वर्षं मिळाला नाही. मी यातलं कुठलं धरू?" मी म्हणाले, वहिनीला विचारा. तुला उत्तर आलं असतं.

निबंधाचा मसुदा सोबत आहे. पहिलं नाव तुझं. माझं मी काढायला लावलं. तुझ्या सहीशिवाय तो जाणार नाही, आणि मार्चअखेरपर्यंत तो जायला हवा. सही करायची की नाही ते तू बघ. पण आकड्यांवर राग काढू नकोस. त्यांनी काही केलेलं नाही.

तुझी नणंद

६ मार्च

वहिनी,

परवा तुझा मसुदा आला. बाईंनी मला वर बोलावून दाखवला. तेवीस ठिकाणी लाल पेन्सिल. दशांशच्या दोन आकड्यांवर फुली, आणि त्या बरोबर निघाल्या. त्याचे कान संध्याकाळपर्यंत लाल होते, पण आनंदाने. शेवटच्या पानावर तुझी सही. आणि जिथे यंत्राची माहिती आहे तिथे तुझ्या अक्षरात एक नवीन वाक्य. अमुक तारखेला दिवा बदलला गेला, त्याची नोंद तेव्हा झाली नाही, बदलणाऱ्या तंत्रज्ञ बाईंनी ती आता दिली आहे. खाली माझं नाव. आणि वर, नावांच्या यादीत, तिसऱ्या जागी परत माझं नाव.

बाईंनी विचारलं, "हे ठेवायचं?" मी म्हणाले, "तिने लिहिलंय ना? मग ठेवा."

आणि काल तुझा फोन.

कोठारात फोन आहे हे तुला कुणी सांगितलं, दशांशने? मी उचलला आणि तिकडून नुसतं "सकाळी की दुपारी?" नमस्कार नाही, हॅलो नाही.

"काय सकाळी की दुपारी?"

"दिवा बदललास ते."

"सकाळी. साडेअकरा."

"तार खोचताना डावीकडून की वरून?" असे वीस मिनिटं प्रश्न. मी उत्तरं दिली. तुझ्या प्रश्नांना मी नेहमीच भीत आले, पण काल वाटत होतं की तुझे प्रश्न संपूच नयेत.

मग तू जे बोललीस ते मी इथे लिहून ठेवतेय, म्हणजे मला कधी सोयीने विसरता येणार नाही.

तू म्हणालीस, "त्या आठवड्यात तुझ्या अंगठ्याला पट्टी होती. विचारलं तर म्हणालीस, भाजी चिरताना कापलं. त्या आठवड्यात स्वयंपाक तुझ्या दादाकडे होता."

मी अंगठा मुठीत मिटला.

"वर्षाने उडीची तारीख कळली तेव्हा मला पट्टी आठवली. खात्री नव्हती, संशय होता. म्हणून समितीसमोर तसं म्हणाले. तिने नाही म्हटलं म्हणजे नाही. मला वाटलं, एवढं ऐकल्यावर तू बोलशील. बैठक संपल्यावर मी जिना मुद्दाम हळूहळू उतरले. तू मागून आलीस. मला वाटलं, आता. आणि तू म्हणालीस, 'वहिनी, चहा घेऊ या?'"

"तू का नाही विचारलंस?" मी म्हणाले.

"विचारून घेतलेला ग्रह मला नको होता," तू म्हणालीस. "आणि चूक माझीही आहे. मी रुसले. जुने दिवे शोधायचे सोडून घर सोडलं. तो आकाशात फिरत होताच, मीच बघायचं थांबवलं. तू निदान बघत राहिलीस."

मग तू म्हणालीस, "माफ केलंय असं समजू नकोस." मी म्हणाले, "नाही समजत." तू म्हणालीस, "पुढच्या शनिवारी येतेय. यंत्र बघायचंय," आणि फोन ठेवलास.

म्हणून हे पत्र. फोनवर माझ्याच्याने कसं यायचं ते सांगणंही झालं नाही, आणि तू गेल्यानंतर इथे बरंच बदललंय.

बस आता टेकडीच्या पायथ्याशी थांबत नाही, थेट फाटकापर्यंत येते. साडेआठची पकड, दहाला पोचशील. फाटकावर तोच रखवालदार असेल. तो तुला चार डोंगरांबद्दल विचारणार, तेव्हा पाऊण तास हाताशी ठेव. मुख्य दारातून आत आलीस की डावीकडे नवीन काचेची खोली, तिथे दशांश बसतो. शनिवारी पहाटेच्या मापाचा आकडा किती येईल, त्याचा अंदाज त्याने कागदावर लिहून पाकिटात बंद केलाय. पाकीट तू फोडायचं असं ठरलंय. मी म्हणाले, ती फोडण्याआधी स्वतःचा आकडा सांगेल. तो म्हणाला, तेच तर बघायचंय. त्याला झोप नाही. मलाही नाही, खरं सांगायचं तर आम्हा कुणालाच नाही. संचालकबाईंनी काल सगळ्यांच्या देखत जिन्यावर शीळ घातली.

दादाला चष्म्याचं दुकान बंद ठेवून आण. एक दिवस लोकांनी अंधुक बघितलं तर काही बिघडत नाही.

यंत्राची खोली तिथेच आहे, तळघरात, दोन दारांच्या आत. दिवा नवाच आहे, गेल्या वर्षी बदललेला, नोंद पान एकशे बारावर.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे दारात अवघडल्यासारखं व्हायला नको. मला आत जायची परवानगी नाही. बाईंनी तुझ्या नावाने पास काढलाय, आणि पासवर लिहिलंय, 'सोबत एक व्यक्ती'. ती कोण, ते तू ठरवायचं. दादा, दशांश, कुणीही.

मी बाहेरच्या बाकावर असेन.

तुझी नणंद